लाटण्याचे सेल

"अहो, माझं लाटणं कुठंय?"

तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा व्हरांड्यातून उत्तर आलं, "कुठलं?"

"कुठलं म्हणजे? दहा-बारा लाटणी आहेत का या घरात? कणीक भिजवून बसलेय मी."

"मग आज भातच कर."

बाहेर येऊन बघते तर आमचे हे, म्हणजे हणमंतराव फडतरे, टेबलाशी चष्मा नाकावर ओढून बसलेले, आणि माझं शिसवी लाटणं पकडीत आवळलेलं. अर्ध्याहून जास्त कापून झालं होतं. बोटाएवढे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले होते. माझ्या लग्नातलं लाटणं ते! एकतीस वर्षं त्याच्यावर पोळ्या लाटल्या, आणि या माणसानं त्याची गंडेरी करून ठेवली.

"हे काय चाललंय?"

"सेल," हे म्हणाले. मान वर केली नाही. "लाकूड एक नंबर आहे बघ. ओल धरत नाही."

मी कपाळावर हात मारला. हे खूळ बरं करणारी गोळी असती तर मी उसनवारी करून आणली असती.

सेलचं हे खूळ कुठून आलं तेही सांगायला हवं. साताऱ्यात आमची बावीस बंगल्यांची कॉलनी. बंगले म्हणायचं म्हणून म्हणायचं, एकाच्या खिडकीत शिंकलं की दुसरा 'सत्य आहे' म्हणतो. कॉलनीचे अध्यक्ष डॉक्टर खटावकर. दातांचे डॉक्टर, कॉलनीत कुणी तोंड उघडायचं आणि कुणी मिटायचं, तेही तेच ठरवायचे. कुणाच्या तरी मागच्या दारातून दोन गॅस सिलिंडर चोरीला गेले, आणि डॉक्टरांनी सभेत जाहीर केलं की आता आपली कॉलनी स्मार्ट होणार. सगळ्यांच्या घरात सेन्सर बसवायचे. झालं! एक टायवाला आला आणि साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या घरोघर चिकटवून गेला. एक दारावर, एक खिडकीवर, एक कोपऱ्यात डोळा वटारून. कुणी हललं, दार उघडलं, की फोनवर निरोप.

पहिल्याच दिवशी यांनी मला फोन दाखवला. "स्वयंपाकघरात हालचाल आढळली."

"आढळली का?" मी म्हटलं. "एकतीस वर्षं मी तिथं हालचाल करतेय, आजवर कुणालाच आढळली नव्हती."

घरं स्मार्ट झाली, माणसं होती तशीच राहिली. दोन महिन्यांत डब्यांमधले सेल संपायला लागले. एक मेली, दुसरी मेली, नव्यानं घातले की तिसरी. टायवाला फोन उचलेना. आणि तिथं आमच्या यांच्या अंगात आलं.

"शालन, फॉल्ट सेन्सरमध्ये नाहीच. फॉल्ट सेलमध्ये आहे. अगं, भिंतीभिंतीतून लाईट खेळतेय घरात, आणि आपण दुकानातून सेल आणतोय! कृष्णेच्या काठी राहून पाणी विकत घ्यायचं का?"

म्हणून ते लाटण्याचे सेल. पेन्सिल सेलच्या मापाचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना एकेक स्क्रू, स्क्रूला वायर. तो खोटा सेल डबीच्या पोटात बसवायचा, आणि वायर भिंतीवरून पांढऱ्या पट्टीतून जुन्या मोबाइलच्या चार्जरला. मध्ये कसलीशी चकती, लाईट कमी करून तीन व्होल्टवर आणणारी. सेन्सरला वाटतं पोटात सेलच आहे.

"म्हणजे फसवायचं बिचाऱ्याला."

"फसवायचं कशाला? पोटभर जेवायला घालायचं."

"आणि लाईट गेली म्हणजे?"

"गेली की सगळ्या कॉलनीची जाते, सगळ्यांना कळतं. आली की यंत्र आपलं आपण उठतं आणि निरोप देतं, लाईट आली म्हणून. ते सगळं केलंय मी."

उत्तर तयार होतं. यंत्राबाबत यांचं उत्तर कायम तयार असायचं. एकोणतीस वर्षं कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, काय बिघडलं की साहेब म्हणायचे, फडतरेला बोलवा. फडतरेला फॉल्ट सापडला नाही असं झालं नाही कधी. मग कंपनीला कुलूप लागलं. चौदा महिने हा माणूस घरात होता. सकाळी सहाला डबा भरायची सवय माझ्या हाताची गेली नव्हती आणि कंपनीच्या बसची वेळ यांच्या पायातून गेली नव्हती. पावणेसातला फाटकाशी जाऊन उभे राहायचे. बस कुठली यायला! पेपरवाला यायचा, त्याच्याकडून पेपर घेऊन परत फिरायचे.

तुम्हाला वाटेल, बाईला कणव आली असेल. छे हो! मला राग यायचा. दिवसभर पायात पायात. फ्रीजचा आवाज का येतो, मिक्सरचं पातं का डुगडुगतं. आणि एक खूळ तर लग्नापासूनचं: बाहेर पडताना फाटकाजवळच्या मीटरचं झाकण उघडायचं आणि आकडा खिशातल्या वहीत लिहायचा. परत आलं की पुन्हा लिहायचा. माझा भाऊ विलास म्हणायचा, "दाजी, मीटरची पूजा तरी करा एकदा, हळदीकुंकू वाहा." सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं.

खूळ माझंही एक होतंच म्हणा. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं गजरामावशीनं, बार्शीला. मावशीच्या शेजारचं घर एकदा बंद असताना आतल्या आत जळालं, वायरला वायर लागून. तेव्हापासून मावशीचा मंत्र: घर सोडताना हाताची पाच बोटं मोजायची. गॅस, नळ, देव, मेन, कुलूप. गॅसचा खटका बंद, नळ बंद, देवाचा दिवा शांत, दारामागची मेनची दांडी खाली, मग कुलूप. पाच बोटं मिटली की पाऊल उंबऱ्याबाहेर. मी सात वर्षांची असल्यापासून ही पाच बोटं मोजत आलेय.

तर आमच्या घरातल्या अकराच्या अकरा डब्या लाटण्याच्या सेलवर चालायला लागल्या. दीड महिना एकही मेली नाही. कुणीतरी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि स्वारी बघायला आली. भिंतींवरून बोट फिरवत हिंडले.

"हं. देशी आहे, पण चालतंय," डॉक्टर म्हणाले. "फडतरे, असं करू. तुम्ही वहिनींच्या माहेरी लग्नाला चाललाय ना, बार्शीला? तीन दिवस घर बंद राहील. तुमचे सेन्सर दर तासाला 'सगळं ठीक' असा निरोप माझ्या फोनवर पाठवू देत. तीन दिवसांत एकही खंड पडला नाही, तर बाविसाच्या बावीस बंगल्यांचं काम तुमचं. नाहीतर पुण्याच्या एका कंपनीशी बोलणं चाललंय माझं, त्यांना हो म्हणून टाकतो."

डॉक्टर गेल्यावर हे आत आले आणि माळ्यावरून कंपनीची हत्यारांची पेटी खाली काढली. एकेक पान्हा, एकेक पेचकस तेलाच्या फडक्यानं पुसत बसले. चौदा महिन्यांत ती पेटी उघडली नव्हती. त्या दिवशी यांनी शीळ घातली. मी म्हटलं, "आता गाणं-बिणं सुरू करू नका, शेजारी सिलिंडर सांभाळायला पळतील."

आणि मला तीनदा बजावलं. "शालन, या खेपेला मेन बंद करायचा नाही. सगळं मेनवर आहे. बाकीचं काय बंद करायचं ते कर, दांडीला हात लावू नको."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? कळलं एकदा सांगितलेलं!"

निघायच्या दिवशी मी फ्रीज रिकामा केला, त्याचा खटका बंद केला, दाराच्या फटीत टॉवेल घातला. गॅस, नळ, देव. चौथं बोट मुद्दाम उघडं ठेवलं. कुलूप. रिक्षा दारात उभी. यांनी मीटरचा आकडा वहीत टिपला, बॅगा आत टाकल्या. मी बसणार, इतक्यात आठवलं, नवरीच्या ओटीचा खण देवापाशीच राहिला.

"आता परत घरात?" हे म्हणाले. "एसटी चुकेल."

"आले हो एका मिनिटात!"

निघालेलं माणूस परत घरात शिरलं की घोटभर पाणी पिऊन निघावं, म्हणून पाणी प्यायले. खण घेतला. कुलूप लावून पळत रिक्षात बसले.

बार्शीत पोचेपर्यंत यांनी सतरा वेळा फोन काढला असेल. उतरल्यावर म्हणाले, "निरोप येत नाहीयेत."

"रेंज नसेल."

"रेंज आहे. सकाळी नऊला शेवटचा आला. आपण निघालो तेव्हा."

संध्याकाळपर्यंत काहीच नाही. हळदीचा मांडव, दोनशे माणूस, आणि हे आपले एका कोपऱ्यात फोनकडे बघत. मग डॉक्टरांचा फोन आला. यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "लाईट गेली असेल हो, डॉक्टर... तुमच्याकडे आहे? सबंध दिवस होती?... बरं. बरं."

विलासनं ते नेमकं टिपलं. त्याला असं काही मिळालं की जेवण गोड लागतं. "काय दाजी, घर बोलत नाही वाटतं तुमच्याशी? रुसलं का?"

दहा जण वळून बघायला लागले. वहिनीनं विचारलं, काय झालं? आणि मी, मी कशाला मागं राहते! मी साग्रसंगीत सांगितलं. लाटण्याचे तुकडे कसे केले, खोटा सेल पोटात कसा घातला, डॉक्टर कसे हिंडले. मला गोष्ट रंगवून सांगता येते, त्यात मी कुणाला हार जायची नाही. शेवटी म्हटलं, "लाटण्यानं पोळ्या लाटाव्यात. त्याचा सेल केल्यावर बंगला कसला चालतोय? पापड तरी भाजला गेला का बघावं लागेल!" मांडव हसून लोळला. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. हेसुद्धा हसले, म्हणजे ओठ हलले नुसते. मग पायात चपला सरकवून बाहेर आडाकडे निघून गेले.

गजरामावशी खुर्चीत बसली होती. तेव्हाच ऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत. मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला आणि विचारायला लागली. लहानपणी विचारायची तसं, एकेक बोट मिटत.

"एवढ्या लांब आलीस. गॅस?"

"बंद, मावशी."

"नळ?"

"बंद."

"देव?"

"हो."

"मेन?"

"बंद," मी म्हटलं.

म्हटलं, आणि तळहाताला त्या दांडीचा गार स्पर्श आठवला. खण काखेत, तोंडात पाणी, आणि दाराशी येऊन पुन्हा पाच बोटं. दुसऱ्यांदा घर सोडत होते ना, म्हणून दुसऱ्यांदा मोजली. या वेळी चौथं उघडं ठेवायचं भानच राहिलं नाही. दांडी खाली केली होती मी. माझ्या हातानं.

मावशीनं पाचवं बोट मिटलं. "शहाणी माझी पोर," म्हणाली.

मी उठून आडापाशी गेले. सांगायचंच म्हणून गेले, देवाशपथ. तेव्हा सांगितलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. डॉक्टरांना एक फोन, बाई विसरली, पुन्हा तीन दिवस बघा. एवढंच होतं. हे आडाच्या काठाला टेकून उभे होते.

"शालन," हेच आधी बोलले, "जॉइंट सैल राहिला असणार कुठंतरी. माझंच चुकलंय. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

मागं मांडवातून विलासचा आवाज आला. "ताई, पापडाचं पुन्हा सांग गं, या मंडळींनी ऐकलं नाही!"

आता तुम्हीच सांगा. ज्या तोंडानं दोनशे माणसांत नवऱ्याचं हसं केलं, त्याच तोंडानं कसं सांगायचं, की फॉल्ट मी आहे? माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. तेव्हा चालली ती जेवणावर. मी म्हटलं, "जेवून घ्या. पानं वाढलीत."

तिसऱ्या दिवशी घरी परतलो. रिक्षात माझा जीव दारामागच्या त्या दांडीत अडकलेला. हे आत आले की पहिलं तेच बघणार, एकोणतीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस. पण माझं नशीब बघा. फाटकाशी उतरल्यावर हे नेहमीप्रमाणे मीटरचं झाकण उघडून उभे राहिले, वही काढली. मी चाव्या घेऊन धावले. कुलूप काढलं, दार लोटलं, दांडी वर केली. कोपऱ्यातल्या डब्यांचे हिरवे दिवे एकेक करून लागले. हे आत आले तेव्हा मी देवापाशी निरांजन लावत होते.

हे उंबऱ्यात उभे राहून दिव्यांकडे बघत राहिले.

"चालू आहेत की," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले.

यांच्या फोनवर निरोप आला. लाईट आली. डॉक्टरांच्याही फोनवर गेला असणार. मनात म्हटलं, बरं झालं, आता वाटेल की खरंच गेली होती, आपल्या घरापुरती. यांनी निरोप वाचला आणि फोन खिशात टाकला. संध्याकाळी डॉक्टर आले. "चालायचंच, फडतरे. आपलं वय झालं. हे नव्या पोरांचं काम आहे," म्हणाले आणि यांच्या खांद्यावर थोपटलं. दातांच्या डॉक्टरनं! काम पुण्याच्या कंपनीला गेलं. त्यांनी नव्या डब्या बसवल्या, जास्त टिकणाऱ्या सेलच्या. दिवाळीपर्यंत त्याही मेल्या, ते सोडा.

यांनी आमच्या अकरा डब्या भिंतींवरून उतरवल्या आणि व्हरांड्यातल्या टेबलावर उघडून ठेवल्या. रोज सकाळी बसायचे. एक वायर काढायची, पुन्हा लावायची. एक स्क्रू सैल करायचा, पुन्हा पिळायचा. अकराला मी चहा नेऊन ठेवायची.

"सापडला का फॉल्ट?" मी विचारायची. विचारायला जीभ होती, बघा!

हे मान वर करून माझ्याकडे बघायचे, थोडा वेळ. मग म्हणायचे, "नाही अजून."

असं महिनाभर चाललं. एक दिवस सगळं बारदानात बांधून पेटीसकट माळ्यावर टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हायवेवरच्या मंगल कार्यालयात जनरेटरवर देखरेख करायला जायला लागले. बटण दाबायचं आणि लग्न संपेपर्यंत स्टुलावर बसायचं. एकोणतीस वर्षं काटे दुरुस्त केलेला माणूस. घरात मिक्सरचं पातं डुगडुगलं तरी म्हणायचे, दुकानात दे. मीटरचा आकडा लिहायचंही सोडलं. मला वाटलं, चला, एक खूळ सुटलं. घर बंद करताना मेन मात्र हेच करायचे. मी दांडीला हात लावत नव्हते, आणि का लावत नव्हते ते यांनी कधी विचारलं नाही.

सात वर्षं झाली. परवा लेकीकडे निघालो. रिक्षा दारात. यांचे गुडघे आता धरतात, म्हणून हे आधीच बाहेर जाऊन उभे होते. मी आतून म्हटलं, "अहो, मेन राहिलाय."

"कर की तूच," हे उंबऱ्याबाहेरून म्हणाले.

"तुम्ही करा. मला नाही जमत."

"न जमायला काय झालं? चांगला हात आहे तुझा त्याला. डोक्याला न विचारता बंद करतो."

मी दाराची कड धरली. यांच्या तोंडावर ना राग, ना काही. पेपरमधली बातमी वाचून दाखवावी तसे उभे.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"आलो तेव्हाच. फाटकात. जाताना जो आकडा लिहिला होता तोच होता. तीन दिवसांत दोन युनिट तरी पडायला हवी होती. पॉइंटसुद्धा सरकला नव्हता."

"मग ओरडला का नाहीत? डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? बायकोनं घालवलं म्हणून? त्यांनी कॉलनीभर केलं असतं. तुला लोक हसलेले मला नसतं चाललं."

माझ्या डोळ्यांपुढे तो मांडव आला, पापड आला, आणि विलासच्या डोळ्यांतलं पाणी.

"अहो, मग महिनाभर ते सगळं उघडून शोधत काय होतात?"

"शोधत कुठं होतो?" हे म्हणाले. "तू रोज चहा आणायचीस ना, अकराला. म्हटलं, आज सांगेल."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. हे पिशवी उचलून गुडघा सावरत फाटकाकडे निघाले. मी दारामागं, दांडी खाली ओढून तिच्यावर हात ठेवून उभी. चार बोटं मिटली होती. पाचवं काय ते मला आठवेना.